सौंदर्यस्पर्धा : गुणपरीक्षा की नेमणूक?

सौंदर्यस्पर्धांविषयी मराठीत आजवर जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला गौरवाचा. एखादी भारतीय तरुणी परदेशात मुकुट मिळविते आणि वृत्तपत्रांचे रकाने तिच्या स्तुतीने भरून जातात. दुसरा निषेधाचा. स्पर्धा म्हणजे स्त्रीदेहाचा बाजार होय, असे प्रतिपादन त्यात केलेले असते. दोन्ही प्रकारांत एक उणीव समान आहे. स्पर्धेत प्रत्यक्ष उतरणारी जी तरुणी, तिला तेथे काय करावे लागते, तिच्याकडून काय घेतले जाते आणि तिच्या पदरात काय पडते, याचा विचार दोहोंतही क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात स्पर्धा इष्ट की अनिष्ट हा वाद काहीसा बाजूला ठेवून स्पर्धकाच्या बाजूने या व्यवहाराचे स्वरूप पाहावयाचे आहे.

लेखातील मुख्य प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. सौंदर्यस्पर्धा ही शालान्त परीक्षेसारखी गुणांची परीक्षा आहे, अशी प्रेक्षकांची व पुष्कळ स्पर्धकांचीही समजूत असते. वस्तुतः ती एका वर्षाच्या नोकरीसाठी घेतलेली जाहीर मुलाखत असते. परीक्षेत नापास होणे हा उमेदवाराच्या योग्यतेवरचा निर्णय ठरतो. मुलाखतीत नेमणूक न होणे याचा अर्थ इतकाच की, नेमणूक करणाऱ्याला त्या वेळी दुसरे कोणी अधिक सोयीचे वाटले. हा भेद ध्यानात आला म्हणजे स्पर्धेतील अनेक कोडी आपोआप उलगडतात.

१. स्पर्धेचा धनी कोण?

आधुनिक स्पर्धांच्या उगमाकडे पाहिले तर प्रत्येकीच्या मुळाशी काही ना काही विक्रीचा हेतू आढळतो. अमेरिकेतील ‘मिस अमेरिका’ स्पर्धेची सुरुवात १९२१ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी झाली. सप्टेंबरच्या आरंभी सुट्ट्यांचा हंगाम संपे आणि पाहुणे घरोघर परतत. त्यांना आणखी काही दिवस थोपवून धरावे, हा तेथील व्यापाऱ्यांचा व हॉटेलवाल्यांचा उद्देश होता. पहिली विजेती मार्गारेट गोर्मन ही त्या वेळी अवघी १६ वर्षांची होती. १९५१ साली लंडनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने एरिक मोर्ली यांनी पोहण्याच्या पोशाखाची एक स्पर्धा भरविली. ‘मिस वर्ल्ड’ हे नाव तिला वृत्तपत्रांनी दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

‘मिस युनिव्हर्स’चा जन्म तर याहून बोलका आहे. १९५१ सालची मिस अमेरिका योलांद बेतबेझ हिने, निवड झाल्यावर पोहण्याच्या पोशाखात हिंडून जाहिरात करण्यास नकार दिला. त्यामुळे असे पोशाख तयार करणाऱ्या कॅटलिना कंपनीने त्या स्पर्धेचा आश्रय काढून घेतला आणि १९५२ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे स्वतःची नवी स्पर्धा उभी केली. एका विजेतीच्या नकारातून दुसरी स्पर्धा जन्माला यावी, ही घटना स्पर्धेचा धनी कोण याचे उत्तर देऊन जाते.

हा धनी बदलतही असतो. मिस युनिव्हर्स ही संस्था १९९६ ते २०१५ या काळात डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीची अथवा भागीदारीची होती. २०२२ साली थायलंडमधील जेकेएन या कंपनीने ती २ कोटी डॉलरांस विकत घेतली आणि दुसऱ्याच वर्षी त्या कंपनीला कर्जाच्या अडचणीमुळे न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. निरनिराळ्या देशांतून स्पर्धक पाठविण्याचा हक्क परवान्याने दिला जातो. भारतात ‘फेमिना’ या पाक्षिकाने १९६४ पासून स्पर्धा भरविण्यास आरंभ केला. ‘ईव्हज वीकली’ हे दुसरे नियतकालिकही आपली प्रतिनिधी निवडीत असे. मिस युनिव्हर्ससाठी भारतीय प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क २०१० साली सुष्मिता सेन यांच्या संस्थेकडे गेला, पुढे तो पुन्हा हात बदलत राहिला आणि २०२४ पासून ग्लॅमानंद या संस्थेकडे आला. सारांश, ‘मिस इंडिया’ ही पदवी राष्ट्राने दिलेली नसून परवानाधारक संस्थेने दिलेली असते. स्पर्धक देशाचे नाव छातीवर वागविते. पण तिचा करार मात्र त्या संस्थेशी होतो.

२. निवडीची रीत

मुकुटाची रात्र दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यास असे वाटते की, सारा निर्णय त्या दोनतीन तासांत डोळ्यांसमोर होत आहे. प्रत्यक्षात निवडीचा मोठा भाग त्यापूर्वीच उरकलेला असतो. मिस युनिव्हर्समध्ये प्राथमिक फेरी व परीक्षकांबरोबरची मुलाखत अंतिम सोहळ्याच्या आधी काही दिवस होते आणि बहुसंख्य स्पर्धकांचे भवितव्य तेथेच ठरून जाते. मिस वर्ल्डमध्ये क्रीडा, कलागुण, समाजकार्य इत्यादी उपस्पर्धांपैकी एखादी जिंकणारीस पुढच्या फेरीत थेट प्रवेश मिळतो. २०२५ साली हैदराबाद येथे झालेल्या स्पर्धेत शंभराहून अधिक स्पर्धक होत्या. त्यांची चार भूखंडनिहाय गटांत विभागणी करून प्रत्येक गटातून सारख्याच संख्येने स्पर्धक पुढे घेण्यात आल्या. अशा पद्धतीत एखादी तरुणी कितव्या क्रमांकावर राहते हे तिच्या स्वतःच्या गुणांइतकेच तिच्या गटात कोण आहे यावरही अवलंबून असते.

पात्रतेच्या अटींचेही असेच आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे ५ फूट आहे, तर राष्ट्रीय स्पर्धांतून मागितली जाणारी किमान उंची तिच्याहून काही इंचांनी अधिक असते. म्हणजे बहुसंख्य स्त्रिया स्पर्धेच्या दाराशीच गळतात. यात सौंदर्याचे कोणतेही शाश्वत तत्त्व नाही. तयार कपडे ज्या मापाने शिवले जातात आणि चित्रीकरण ज्या रीतीने होते, त्या सोयीची ती अट आहे. अटी धन्याच्या सोयीने बदलतात, याचे एक उदाहरण मनोरंजक आहे. १९५२ च्या पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत भारताच्या वतीने प्रसिद्ध नर्तकी इंद्राणी रहमान यांनी भाग घेतला, तेव्हा त्या विवाहित असून एका मुलीच्या माताही होत्या. पुढे नियम असा झाला की, विवाहितेस व मातेस प्रवेश नाही. तो २०२३ च्या स्पर्धेपासून रद्द झाला आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही उठविण्यात आली. जी गोष्ट प्रथम चालत होती ती मध्यंतरी अपात्रता ठरली आणि सत्तर वर्षांनी पुन्हा पात्रतेत मोडू लागली.

३. तयारीची किंमत

‘सौंदर्य ही निसर्गाची देणगी’ हे वचन स्पर्धेच्या व्यासपीठावर वारंवार ऐकू येते. परंतु व्यासपीठावर जे दिसते ते बव्हंशी तयारीचे फळ असते आणि तयारीला पैसा लागतो. १९६६ साली मिस वर्ल्ड झालेली रीटा फारिया ही मूळ गोव्याच्या कुटुंबातील मुंबईची मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेत होती. लंडनला जाताना तिने साडी व पोहण्याचा पोशाख उसना घेतला होता. १९९४ साली मिस इंडियाच्या अंतिम फेरीत सुष्मिता सेन यांनी घातलेला झगा दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातील कापडाचा, साध्या शिंप्याने शिवलेला होता आणि हातमोजे पायमोज्यांपासून केलेले होते, असे त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितले आहे. या कथा आवडीने सांगितल्या जातात, कारण त्या अपवाद आहेत. उसन्या कपड्यावर स्पर्धा जिंकणे शक्य होते ते दिवस आता मागे पडले.

१९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, परदेशी प्रसाधने बाजारात आली आणि १९९४ साली सुष्मिता सेन व ऐश्वर्या राय यांना एकाच वर्षी जगातील दोन्ही प्रमुख मुकुट मिळाले. त्यापुढील काळात मुंबईत स्पर्धकांच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था उभी राहिली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सुझन ड्यूई यांनी २००३ साली या शिक्षणक्रमाचे जवळून निरीक्षण केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. आहारतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, व्यायामशिक्षक, उच्चारशिक्षक अशी तज्ज्ञांची फळी स्पर्धकांना कशी घडविते याचे तपशीलवार चित्र त्यात आहे. त्वचेचा रंग उजळ करण्याचे उपचार हाही त्या शिक्षणक्रमाचा एक भाग होता, ही त्यातील विशेष चिंतनीय बाब होय. जी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकलेली, महानगरात वाढलेली व सुस्थितीतील घरातली, तिला या शिक्षणातील निम्मी मजल आधीच मारलेली असते. सांगली वा चंद्रपूरकडून आलेल्या मुलीला ती थोड्या आठवड्यांत मारावी लागते.

खर्चाचा भार स्वतःला पेलत नसला म्हणजे तो उचलणारा दुसरा कोणी शोधावा लागतो आणि येथून धोक्याचा प्रदेश सुरू होतो. व्हेनेझुएला हा देश मिस युनिव्हर्सचा मुकुट सात वेळा मिळविणारा. तेथील राष्ट्रीय स्पर्धेचे अनेक वर्षांचे सूत्रधार ओस्मेल सूसा हे २०१८ साली पदावरून दूर झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या संस्थेला आपले काम स्थगित करून अंतर्गत चौकशी करावी लागली. स्पर्धकांचा खर्च उचलणारे धनिक त्याच्या मोबदल्यात कशाची अपेक्षा करतात, याविषयीचे आरोप तेव्हा चव्हाट्यावर आले होते. व्यक्तिगत दोष कोणाचा हा निराळा प्रश्न आहे. शस्त्रक्रिया, कपडे व शिक्षण यांचा खर्च प्रवेशाचीच किंमत बनला की गरजू स्पर्धक परावलंबी होते, हे कारण मात्र व्यवस्थेतच आहे.

शरीरावर पडणाऱ्या ताणाची जाणीव कायद्यालाही उशिरा का होईना झाली. २००६ साली माद्रिद येथील फॅशन सप्ताहात, उंची-वजनाच्या प्रमाणाचा निर्देशांक १८ च्या खाली असलेल्या मॉडेल्सना मज्जाव करण्यात आला. १७५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी याचा अर्थ सुमारे ५५ किलोहून कमी वजन असा होतो. त्याच वर्षी उरुग्वेची लुइसेल रामोस व ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्तों या दोन तरुण मॉडेल्स मरण पावल्या होत्या. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि कृश वा पुष्ट दिसावे म्हणून छायाचित्रात फेरफार केला असल्यास तसा उल्लेख करण्याचे बंधन जाहिरातदारांवर आले.

४. एका उत्तराची गोष्ट

स्पर्धेला परीक्षा समजल्याने काय होते, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण एका मराठी मुलीचे आहे. नागपूरला जन्मलेली मधू सप्रे ही मुळात खेळाडू होती. १९९२ साली ती मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉक येथील मिस युनिव्हर्स स्पर्धेत अखेरच्या तिघींत पोहोचली. देशाचे नेतृत्व हाती आल्यास प्रथम काय कराल, अशा आशयाचा प्रश्न तिला विचारण्यात आला. भारतात खेळाडूंना सोयी नाहीत, म्हणून आपण मोठे क्रीडांगण बांधू; दारिद्र्याचा प्रश्न जुना आहे व तो एकाएकी सुटणारा नाही, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनकडे गेला आणि सप्रे तिसऱ्या स्थानावर राहिली. या उत्तरानेच मुकुट हुकला, असे तेव्हापासून मानले जाते.

उत्तर म्हणून पाहिले तर त्यात खोटे काय होते? मैदानाचा अभाव सोसलेल्या खेळाडूचे ते प्रामाणिक उत्तर होते आणि दारिद्र्याविषयीचे तिचे मतही वास्तवाला सोडून नव्हते. परीक्षेत अशा उत्तराला गुण मिळाले असते. परंतु तेथे वर्षभर संस्थेच्या वतीने जगभर बोलू शकणारी प्रतिनिधी हवी होती आणि अशा प्रतिनिधीने भुकेचे व मुलांचे नाव प्रथम घ्यावे, असा संकेत आहे. प्रश्नोत्तराची फेरी ज्ञान तपासत नाही. आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत हे उमेदवाराला कितपत उमगले आहे, याची ती तपासणी असते. पुढच्या पिढीतील स्पर्धकांना उत्तरे द्यावयाची कशी हे घोटून शिकविले जाऊ लागले. त्यांच्या उत्तरांत जो सारखेपणा आढळतो त्याचे कारण हेच असावे.

५. मुकुटाबरोबर येणारा करार

निवड झाल्यावर विजेती एका वर्षासाठी संस्थेला बांधली जाते. कोठे जावयाचे, कोणते कपडे घालावयाचे, कोणत्या मालाची जाहिरात करावयाची, हे तिच्या एकटीच्या हाती राहत नाही. रीटा फारिया हिला विजयानंतर लगेच, १९६६ च्या नाताळात, विनोदी नट बॉब होप यांच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढे जावे लागले आणि त्यावरून भारतात टीका झाली. टीकेची झळ लागली ती विजेतीला.

वर्तनाच्या अटी तर याहून कठोर. १९७४ ची मिस वर्ल्ड हेलन मॉर्गन ही अविवाहित माता असल्याचा गाजावाजा वृत्तपत्रांतून झाला आणि तिने चार दिवसांतच मुकुट परत केला. १९८४ ची मिस अमेरिका व्हेनेसा विल्यम्स ही तो मान मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय तरुणी. तिची जुनी छायाचित्रे तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध झाली असतानाही पद सोडावे लागले ते तिलाच. संस्थेच्या प्रमुखांनी तिची जाहीर क्षमा मागितली ती २०१५ साली, म्हणजे ३१ वर्षांनी. १९९६ ची मिस युनिव्हर्स अलिसिया माचादो हिचे वजन वाढले म्हणून तिला वार्ताहरांसमोर व्यायाम करावयास लावण्यात आले. नोकरीच्या ठिकाणी असा प्रकार घडता तर तो मालकाच्या वर्तनाचा प्रश्न ठरला असता. येथे तो विजेतीच्या अपयशाची बातमी ठरला.

बक्षिसाचे आकडेही काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. मिस अमेरिका संस्थेने १९४५ पासून शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला आणि त्या अनेकींना खरोखर उपयोगी पडल्या. मात्र दरवर्षी ४ कोटी ५० लाख डॉलरांच्या शिष्यवृत्त्या ‘उपलब्ध’ करून देतो, हा तिचा दावा २०१४ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तपासला, तेव्हा प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्याच्या कितीतरी खाली असल्याचे दिसले. एखाद्या महाविद्यालयाने एक शिष्यवृत्ती देऊ केली आणि ती घेण्यास अनेक स्पर्धक पात्र असल्या की ती तितक्या पट मोजली जात होती. ‘उपलब्ध’ आणि ‘दिलेले’ या दोन शब्दांमधील अंतर प्रत्येक स्पर्धकाने ओळखावयास हवे.

६. मुकुटाबाहेरचे जग

शंभर स्पर्धकांत नव्व्याण्णव जणी हरतात. म्हणून हरणे हाच या क्षेत्रातील सामान्य अनुभव मानला पाहिजे. त्यांच्यापैकी पुष्कळजणी मुंबईत मॉडेलिंगकडे वळतात. तेथे मानधन कामागणिक मिळते, दोन कामांमधील रिकामे दिवस स्वतःच्या खर्चाने काढावे लागतात आणि पैसे हाती येण्यास विलंब लागतो. नवख्या मुलीला फसविण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे नोंदणी, छायाचित्रसंच वा प्रशिक्षण यांच्या नावाखाली आगाऊ रक्कम घेणे. प्रामाणिक मध्यस्थ काम मिळवून देतो आणि त्या मिळकतीतून आपला हिस्सा कापून घेतो. काम मिळण्यापूर्वीच जो पैसे मागतो, त्याचा धंदा उमेदवारांच्या आशेवर चालतो असे समजावे.

जबाबदारीची वाटणीही विषम असते. १९९५ साली एका पादत्राणांच्या जाहिरातीत मधू सप्रे व मिलिंद सोमण हे विवस्त्र, अजगर गुंडाळलेल्या स्थितीत दिसले. त्यावरून मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि आरोपींची निर्दोष मुक्तता होण्यास २००९ साल उजाडले. एका दिवसाच्या छायाचित्रणासाठी चौदा वर्षे खटल्याचे ओझे! छायाचित्रकार व जाहिरात कंपनी यांनाही खटल्यातून सुटका नव्हती. तरीही लोकांच्या स्मरणात राहिले ते दोन मॉडेल्सचे चेहरे.

७. निषेध आणि स्पर्धक

स्पर्धांच्या विरोधाचा इतिहासही स्पर्धकाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत स्त्रीमुक्तिवादी महिलांनी मिस अमेरिकाविरुद्ध निदर्शने केली. त्याच दिवशी, त्याच गावी, कृष्णवर्णीय स्त्रियांना वगळणाऱ्या त्या परंपरेचा निषेध म्हणून ‘मिस ब्लॅक अमेरिका’ ही निराळी स्पर्धा भरली. एका गटाला स्पर्धाच नको होती आणि दुसऱ्याला तिच्यात वाटा हवा होता. १९७० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निदर्शकांनी पिठाच्या पिशव्या फेकून मिस वर्ल्डचा सोहळा बंद पाडला. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला आणि ग्रेनाडाची जेनिफर होस्टन ही पहिली कृष्णवर्णीय मिस वर्ल्ड ठरली. तीच पुढे कॅनडात आपल्या देशाची उच्चायुक्त झाली. निदर्शकांचा रोख आयोजकांवर होता हे खरे. तरी व्यासपीठावर उभ्या असलेल्या होस्टनला त्या रात्रीचा अर्थ निराळा दिसणे स्वाभाविक होते.

भारतात १९९६ साली बंगलोरच्या मिस वर्ल्ड स्पर्धेला संस्कृतिरक्षक व स्त्रीवादी अशा दोन्ही बाजूंनी विरोध झाला. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली आणि मदुरा येथे एका तरुणाने आत्मदहन केले. ती फेरी मिस वर्ल्डने अखेर २०१५ पासून व मिस अमेरिकाने २०१८ साली बंद केली. विरोध निष्फळ गेला असे म्हणता येत नाही. मात्र करार, मानधन, वैद्यकीय काळजी व तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा या गोष्टी पोशाखाच्या वादात मागेच राहिल्या.

८. समारोप

वरील विवेचनावरून स्पर्धेत जाऊच नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अनेकींना तिने प्रवास, ओळखी, आत्मविश्वास व उपजीविका दिली आहे. परंतु नेमणुकीला जाणारा सुज्ञ मनुष्य ज्या गोष्टी आधी विचारून घेतो, त्या स्पर्धकानेही विचारल्या पाहिजेत. खर्च कोणाचा? करार किती काळाचा? मिळकतीतील हिस्सा कोणाचा किती? छायाचित्रांचा हक्क कोणाकडे? तक्रार कोणाकडे करावयाची? आणि नेमणूक न झाल्यास परतण्याजोगे शिक्षण वा काम हाताशी आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व रीटा फारियाच्या उदाहरणावरून कळते. वर्षाचा करार संपताच तिने चित्रपट व मॉडेलिंग यांची वाट न धरता पुन्हा वैद्यकाचे शिक्षण हाती घेतले, लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते पुढे नेले आणि नंतर डब्लिन येथे स्थायिक झाली. मुकुट हा तिच्या आयुष्याचा निकाल ठरला नाही, तर एका वर्षाची नोकरी ठरला. मुकुट न मिळालेल्या बहुसंख्य मुलींनीही आपल्या अपयशाकडे याच दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या मनावरचे पुष्कळसे ओझे उतरेल.